मेट्सची २०२५ ची सहामाही: सोतोला ३५ मार्क कुठल्या तपासनिसाने दिले?

सात_नंबरची_गाडी:
निवृत्त_मास्तर यांनी काल ऑल-स्टारच्या (निवडक खेळाडूंच्या वार्षिक मॅचच्या) सुट्टीचा मुहूर्त साधून मेट्सचं, म्हणजे आपल्या न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचं, सहामाही प्रगतिपुस्तक टाकलं. लिंडॉर ८५, अलोन्सो ८०, पिचर (चेंडू टाकणारा) सेंगा 'आजारपणामुळे अर्धी परीक्षा', आणि हुआन सोतो ३५. शेरा: 'पगार पाहता लाज वाटावी.' तिथेच उत्तर द्यायला बसले होते, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मास्तर, सोतोचा करार १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर. आता सगळ्यांचं पाठ झालंय. ते मालक कोहेनच्या खिशातून जातात, तुमच्या फोर-ओ-वन-केमधून (निवृत्तीच्या बचतीतून) नाही. जूनमध्ये या माणसाने ११ होमरन (आपले षटकारच) मारले, नॅशनल लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि महिना कुठला? १२ जूनला ४५-२४ (४५ विजय, २४ पराभव) असलेली टीम महिनाअखेरीस ४८-३७ वर आली, तो. पिट्सबर्गला तीन मॅचेस मिळून ३०-४ असा मार खाल्ला. तळाच्या पायरेट्सकडून! तरी ऑल-स्टारला लिंडॉर, अलोन्सो, डियाझ, पीटरसन गेले आणि हा घरी बसला.

पण होमरन सोडा, तो जे चेंडू मारत नाही ते बघा. आम्ही एकदा बऱ्यापैकी पुढे बसलो होतो. इंचभर बाहेरचा चेंडू, पठ्ठ्याने बॅट हलवली नाही. मग पाय घासत, गुडघ्यात वाकून पिचरकडे असं रोखून पाहिलं, की मेथीची जुडी उलटसुलट करून भाजीवालीला परत द्यावी. पाच वेळा बॅटिंगला आला की जवळजवळ दोनदा हा बेसवर पोचतो. याला ३५?

निवृत्त_मास्तर:
ताई, मार्क मी दिले, कारण पेपर मी तपासला. मे महिन्यात बोस्टनच्या फेनवे मैदानात हिरव्या भिंतीवर चेंडू आदळला तेव्हा तुमचे हे भाजीपारखी होमरन झाला असं समजून बघत उभे राहिले. डबल (दोन बेस) व्हायचा तो सिंगल (एकच बेस) झाला. मॅनेजर मेंडोझाला 'मी बोलतो त्याच्याशी' म्हणायची वेळ आली. शिस्तीला मार्क नसतात का?

शिवाय उभं राहून मिळतो तो वॉक: चार बाहेरचे चेंडू सोडले की पहिला बेस फुकट. आपल्याकडे त्याला वाईड म्हणतात आणि त्याचं श्रेय बॅट्समनला कुणी देत नाही.

ब्राँक्सचा_विन्या:
यँकीजकडून, म्हणजे सोतोच्या आधीच्या टीमकडून, एक सविनय आभार. आम्ही १६ वर्षांचे ७६ कोटी देऊ केले होते. बातम्यांवर विश्वास ठेवायचा तर स्टेडियममधल्या फुकटच्या सूटवर (खाजगी कक्षावर) अडलं. तो सूट आता तुम्हालाच लखलाभ.

बोनिलाचा_भाचा:
७६ कोटींचं काय घेऊन बसलात? मेट्सचा जुना खेळाडू बॉबी बोनिला, दर १ जुलैला त्याच्या खात्यात जुन्या कराराचे ११ लाख ९३ हजार डॉलर पडतात. शेवटची मॅच खेळला २००१ मध्ये, पैसे मिळणार २०३५ पर्यंत. आमच्या पिताश्रींनी ३४ वर्षं नोकरी केली, पेन्शनचा एक कागद राहिला म्हणून १४ महिने खेपा घातल्या. प्रगतिपुस्तक त्या कारकुनाचं काढा.

खडूस_दादरकर:
मास्तर, वाईडची उपमा साफ चुकली. वॉक म्हणजे ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडणं. ते ज्याला जमतं त्यालाच पुढचा चेंडू गुडलेंथवर पडत नाही. हे शिवाजी पार्कात आम्हाला दहाव्या वर्षी शिकवलं.

निवृत्त_मास्तर:
अस्सं. मग १९७५ च्या वर्ल्ड कपला लॉर्ड्सवर गावसकरने १७४ चेंडूंत नाबाद ३६ केले, ६० षटकं खेळून. समोर ३३४ आणि आपले १३२. त्यालाही विशेष प्रावीण्य द्यायचं का?

खडूस_दादरकर:
झालं! दादरकराला गप्प करायला दर वेळी तेच ३६ काढायचे. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातले ७७४ नाही आठवत कुणाला. वनडे म्हणजे काय हेच तेव्हा आपल्याला धड ठाऊक नव्हतं.

ब्राँक्सचा_विन्या:
इंग्लंडला ठाऊक होतं वाटतं.

खडूस_दादरकर:
तू गप रे. तुझा जन्म तरी झाला होता का?

निवृत्त_मास्तर:
माझा झाला होता. मोठ्या भावाने त्या दिवशी रेडिओ बंद करून कपाटात ठेवला, तो गणपतीतच बाहेर आला. आणि एक सांगतो. त्या डावात सुरुवातीलाच बॅटची कड लागून झेल मागे गेला होता, कुणी अपील केलं नाही. हे गावसकरने स्वतःच नंतर सांगितलंय. आपण तेव्हा चालायला हवं होतं, असंही.

बोनिलाचा_भाचा:
म्हणजे एकाला वॉक घेतला म्हणून शिव्या आणि दुसऱ्याला वॉक केला नाही म्हणून.

सात_नंबरची_गाडी:
अहो, धागा मेट्सचा आहे! तरी आता राहवत नाही म्हणून सांगते. माझा मुलगा अकराचा, अंगाने किरकोळ. गेल्या वर्षी एका मॅचमध्ये चार वेळा बॅटिंगला गेला, तीन वॉक. गाडीत खूश होऊन सांगत होता, "आई, मी एकदाही फसलो नाही." पुढच्या शनिवारी कोचने त्याला बसवलं. कारण काय, तर 'हा प्रयत्नच करत नाही.' तेव्हापासून तो डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूलाही बॅट फिरवतो आणि आऊट होऊन येतो. आता कोच टाळ्या वाजवतो. मास्तर, तुमचा शेरा वाचून मला तो कोच आठवला. मग मी लिहायला बसले.

निवृत्त_मास्तर:
हे आधी सांगायचंत. मुलाला म्हणावं, सोडत जा.

पण पोरावरून सोतोचे मार्क वाढत नाहीत. बरं, जून धरून ५५ करतो. फेनवेचे ५ कापून ५०.

ब्राँक्सचा_विन्या:
रिचेकिंगची फी किती?

खडूस_दादरकर:
५० तर ५०. पण मग लिंडॉरला ८५ कसले? जूनभर बॅट चालत नव्हती.

सात_नंबरची_गाडी:
४ जूनला पायाच्या करंगळीवर चेंडू बसून ती मोडली, तरी खेळतोय तो! खरी पडझड सेंगाची मांडी धरल्यापासून सुरू झाली. १२ जूनला अलोन्सोने पहिल्या बेसकडे थ्रो उंच टाकला, हा झेपावला आणि गेला. तोवर दर नऊ इनिंगना (म्हणजे पूर्ण मॅचमागे) दीड रनसुद्धा देत नव्हता. त्या थ्रोचे मार्क कापलेत का अलोन्सोचे, मास्तर?

निवृत्त_मास्तर:
नाही कापले. राहिलं.

सात_नंबरची_गाडी:
बघा.

खडूस_दादरकर:
ते रेडिओचं खरं का हो? गणपतीपर्यंत? जून ते सप्टेंबर?

निवृत्त_मास्तर:
आरत्या लागायच्या त्यावर, नाहीतर दिवाळीपर्यंत राहिला असता.