लोकलचा दीड तास, न पिलेलं पाणी आणि दुसऱ्यांदा लागलेली उन्हाळी

बदलापूर_खिडकी

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

वय ३८, राहायला बदलापूर, ऑफिस फोर्टला. सकाळी पावणेसातला घर सोडते ते रात्री साडेआठला परत. वर्षभरात दुसऱ्यांदा उन्हाळी लागली, या वेळी तर थंडी वाजून ताप आला, यूरीन कल्चर झालं, अँटिबायोटिकचा कोर्स झाला. डॉक्टरांनी विचारलं दिवसाला पाणी किती पिता, मी ठोकून दिलं दीड लिटर. घरी येऊन पर्स उघडली तर सकाळी भरलेली बाटली तशीच, वरची दोन बोटं काय ती कमी. खोटं नव्हते बोलत हो, मला खरंच वाटत होतं मी पिते.

कारण बायकांना सांगायला नकोच. गाडीत टॉयलेट नाही, दीड तास जायला दीड तास यायला, प्लॅटफॉर्मवरच्या टॉयलेटला एकदा गेले तर आत दिवा नाही, कडी नाही, बाहेर बसलेला माणूस सुट्टे मागतोय. त्या दिवसापासून मी ठरवूनच टाकलं असावं की निघायच्या आधी घोटभरसुद्धा नाही.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी चहा-बिस्किट उभ्या उभ्या, दीडला डबा (पोळी, बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची सुकी भाजी, लोणचं), पाचला ऑफिसखाली वडापाव आणि कटिंग, रात्री साडेनऊला काय असेल ते. कटिंग दिवसाला पाच होतात. हिमोग्लोबिन ९.४ आलंय. आता मे चालू आहे, कुर्ल्यापर्यंत येतानाच ओढणी पिळून काढावी असा घाम, परवा डब्यात चक्कर आली, एका मुलीने खिडकी दिली (हे बदलापूर गाडीत किती मोठं दान आहे ते जाणणारे जाणतील).

मला डाएट चार्ट नकोय. किनोवा, ॲव्होकाडो सांगू नका, सासूबाई ते रस्सा भाजीत चिरून घालतील. याच दिवसात, याच गाडीत काय बसवता येईल ते सांगा.

व्हीटीची_काकू

अगं बाई, मी कल्याण ते व्हीटी एकतीस वर्षं केलंय (सीएसएमटी म्हणायची सवय अजून नाही लागली). तुझं दुखणं पाण्याचं कमी आणि टाइमटेबलचं जास्त आहे असं मला वाटतं. मीही पहिली दहा वर्षं कोरडीच जायचे, मग एका सिनियर बाईंनी कान उपटले. तेव्हापासून उठल्या उठल्या तांब्याभर पाणी, ते स्वैपाक करता करता संपवायचं, गाडीच्या आधी पाऊण तास बंद, निघताना बाथरूमला जाऊनच चप्पल घालायची, लागली असो नसो. गाडीत फक्त ओठ ओले करण्यापुरता घोट. ऑफिसला पोचले की आधी बाथरूम आणि मग टेबलावर पर्स ठेवायच्या आधी दोन ग्लास. संध्याकाळी हेच उलटं, साडेचारला शेवटचं मोठं पाणी आणि सुटताना परत बाथरूम.

आणि संध्याकाळच्या गाडीत काय करतेस गं? आमच्या डब्यात सगळ्या भाजी निवडायच्या. दादरला चढणारीकडे मेथीची जुडी असायचीच, ठाण्यापर्यंत पानं वेगळी देठं वेगळी, कोणी मटार सोलतेय, कोणी लसूण. घरी गेल्यावर पालेभाजी निवडायला वेळ नाही म्हणून सगळ्या बटाट्यावर येतात, तूही त्यातलीच. गाडीतच निवड, घरी धुवायची आणि फोडणीला टाकायची.

चहा मात्र कमी कर, चहा अंगातलं पाणी ओढून घेतो.

नाक्यावरचा_बंडू

ताई, हे फक्त बायकांचं नाही बरं का. मी मेडिकल लाइनला सेल्समध्ये, दिवसभर बाईकवर अंधेरी ते मुलुंड. पाण्याच्या जागी कोल्ड्रिंक, कारण दुकानदार तेच पुढे करतो. गेल्या मेमध्ये रात्री दोनला कमरेतून जी कळ सुटली ती थेट खाली, मी जमिनीवर गडाबडा, बायकोला वाटलं हार्ट ॲटॅक. मुतखडा, ६ एमएम. मग सगळे डॉक्टर झाले, एक म्हणतो बियर पी, एक म्हणतो टोमॅटो सोड, एक म्हणतो दूध सोड. खरा डॉक्टर म्हणाला लघवी फिकट ठेव आणि मीठ कमी कर, दूध कोणी सोडायला सांगितलं तुला? मी आता एकच करतो, बाईकला एक लिटरची स्टीलची बाटली लावलीय, दुपारच्या जेवणापर्यंत ती संपलीच पाहिजे, जेवणाच्या ठिकाणी पुन्हा भरायची. मोजायचं नाही, फक्त संपलीय की नाही बघायचं.

मोजूनमापून

मी डाएटिशियन आहे, परळच्या एका हॉस्पिटलात, पण इथे गप्पांतली ताई समजा. आधी एक, पुन्हा जळजळ होऊन सोबत ताप, थंडी किंवा पाठीत कुशीत दुखणं असेल तर घरी पाणी पीत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. वर्षात परत परत होत असेल तर शुगर वगैरेही तपासून घ्यायला सांगतात, ते कर.

काकूंचं टाइमटेबल शंभर टक्के बरोबर, फक्त चहाचं तेवढं नाही. रोज चहा पिणाऱ्या माणसाला चहातलं पाणीही मिळतं, तो काही विहीर कोरडी करत नाही. तुझ्या चहाचा त्रास वेगळाच आहे. हिमोग्लोबिन ९.४ म्हणजे तुला आयर्नच्या गोळ्या दिल्या असणार, आणि मला जवळजवळ खात्री आहे की तू ती गोळी सकाळी चहाबरोबर घेतेस! चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं, गोळी पोटात जाते आणि बरीचशी तशीच बाहेर. आयसीएमआरच्या हैदराबादच्या एनआयएन म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहाराची नवी सूत्रं काढली त्यात हे स्पष्ट लिहिलंय, जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. उलट लिंबू, आवळा, पेरू लोह शोषायला मदत करतात, आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळायची पद्धत आहे ती उगीच नाही. गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. आणि तू एकटी नाहीस, एनएफएचएस-५ म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता.

पाण्याबद्दल एक अभ्यास मला फार आवडतो. २०१८ साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या, निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, औषध काही नाही. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. कारण साधं आहे, जंतू मूत्राशयात चिकटून वाढायच्या आत धुऊन जातात. म्हणजे पिणं जितकं महत्त्वाचं तितकंच वेळेवर रिकामं करणं, दाबून धरलं तर निम्मा फायदा गेला.

आता तुझा डबा. तुझ्या डब्यात पाणीच नाहीये गं! पोळी, सुकी भाजी, लोणचं, सगळं कोरडं. शिजलेल्या भातात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, काकडीत ९५, आमटी ताकाचं तर विचारूच नको. आमटी पर्समध्ये सांडते म्हणून आपण सगळ्यांनी डब्यातून ओलं काढून टाकलं आणि मग म्हणतो पाणी कमी पडतं. फिरकीचा घट्ट झाकणाचा छोटा डबा घे, त्यात मटकीची किंवा चवळीची रसदार उसळ. काकडी अख्खी ने, चिरून मीठ लावलेली दीडपर्यंत लोळागोळा होते. ताक मेमध्ये दुपारपर्यंत आंबतं, म्हणून घट्ट दही ने, ऑफिसात रिकाम्या बाटलीत दही-पाणी-जिरेपूड टाकून हलव, झालं ताक.

वडापाव बंद कर म्हणणार नाही, आठवड्यातून दोनदा खा. बाकी दिवशी पाचला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू आणि केळं. सध्या ताडगोळे आहेत, तेही चालतील. अख्खी फळं घे, स्टेशनबाहेर चिरून ठेवलेल्या प्लेटा नकोत, निदान पुढे पावसात तरी.

सूर्योदय_आप्पा

सगळ्या आजारांचं मूळ पोट. पहाटे उषःपान, एका दमात दीड लिटर, आणि दिवसभरात चार लिटर. वीस वर्षं करतोय, डॉक्टरचं तोंड बघितलेलं नाही.

मोजूनमापून

आप्पा, तुम्हाला मानवलंय तर आनंद आहे, पण एका दमात दीड लिटर पिऊन ही बाई सातच्या बदलापूर गाडीत चढली तर अंबरनाथच्या पुढे काय होईल विचार करा. आणि किडनीचा किंवा हार्टचा पेशंट हे वाचत असेल तर त्यांनी कृपया चार लिटर मनावर घेऊ नये, त्यांना पाणी मोजूनच दिलेलं असतं. साधारण निरोगी बाईला दोन लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात घामाप्रमाणे वर. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय. मात्र बी कॉम्प्लेक्स घेत असाल तर ती हळदीसारखी दिसणारच, घाबरू नका.

व्हीटीची_काकू

बरं, चहाबद्दलचे माझे शब्द मागे. एकतीस वर्षं उगीच मन मारलं म्हणायचं!

फलाट_नंबर_नाही

सगळे तिलाच सुधारताय, पण ती पाणी पीत नाही यात चूक तिची आहे का? मुंबईत 'राईट टू पी'ची चळवळ २०११ मध्ये सुरू झाली, मुद्दा हाच होता की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, त्यातही कडी, पाणी, दिवा नाही. तुम्ही ताकाच्या बाटल्या हलवा, हलवायलाच पाहिजेत, पण त्या कडी नसलेल्या दाराची तक्रारही लेखी द्या, फोटोसकट. मी दिलीय दोनदा. एकदा कडी बसली. तीन महिन्यांनी परत निघाली ती गोष्ट वेगळी.

बदलापूर_खिडकी

बापरे किती जणांनी लिहिलंत. दहा दिवस झाले म्हणून अपडेट देते.

मोजूनमापून ताई, तुम्ही माझ्या किचनमध्ये कॅमेरा लावलाय का? गोळी चहाबरोबरच घेत होते, वर बिस्किट. आता अकराला ऑफिसात लिंबूपाण्याबरोबर घेते, बिनसाखरेचं.

काकूंचं टाइमटेबल पहिल्या दिवशी चुकलं. मी घाबरत घाबरत पाणी प्यायले सहा पंचवीसला आणि गाडी पावणेसातनंतरची, डोंबिवलीपासून नुसती घड्याळाकडे बघत बसले, ऑफिसला पोचल्यावर सिक्युरिटीवाल्याला गुड मॉर्निंगसुद्धा न करता पळाले. आता पावणेसहाला उठून पहिला तांब्या सव्वासहाच्या आत संपवते, सात दिवस झाले एकदाही अडचण नाही. ऑफिसात दुपारपर्यंत बाटली एकदा रिकामी, बंडूदादांच्या पद्धतीने. रंग म्हणाल तर सोमवारी गोडेतेलासारखा होता, काल बऱ्यापैकी फिकट.

कटिंग पाचवरून तीनवर आलेत. पाचचा चहा सुटत नाही, तिथेच ऑफिसातलं सगळं राजकारण कळतं.

एक विचारायचं होतं. चक्कर आली तेव्हा मेडिकलमधून सफरचंदाच्या चवीचा ओआरएसचा टेट्रापॅक घेतला होता, तो रोज पर्समध्ये ठेवू का?

मोजूनमापून

रोज नको. ओआरएस जुलाब-उलट्यांत जातं ते भरून काढायला आहे, साध्या पाण्याच्या जागी नाही. आणि खरं ओआरएस म्हणजे डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याची २०.५ ग्रॅमची पुडी, एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी अर्धी नाही. ते गोड टेट्रापॅक म्हणजे बहुतेक सरबतच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, तुझा पॅक जुना असेल नाहीतर तुला सवयीने ते नाव आठवतंय. घामासाठी कोकम सरबत किंवा पन्हं, साखर बेताची, चिमूटभर मीठ, पुरे. चक्कर परत आली तर मात्र हिमोग्लोबिनकडे बोट दाखवून डॉक्टरांकडे जा.

बदलापूर_खिडकी

ओके. सासूबाईंना धागा वाचून दाखवला, किनोवाचं वाक्य गाळून. त्या म्हणाल्या एवढं इंटरनेट कशाला, आंबील द्यायची मी माझ्या सासऱ्यांना शेतावर, नाचणीची. लगेच अर्धा किलो नाचणी भिजत घातलीय. मोड यायला किती वेळ लागेल, रविवारी दळायची म्हणतायत?

व्हीटीची_काकू

मेमध्ये दीड दिवस पुरे. रात्रभर भिजव, पाणी काढून ओल्या फडक्यात बांध, पण ते फडकं सकाळ-संध्याकाळ धुऊन परत बांध नाहीतर वास मारतो. मोड आले की पंख्याखाली पूर्ण वाळवून मग गिरणीत, आणि गिरणीवाल्याला सांग मिरचीनंतर नको दळू.