स्टेरॉइडनंतर गाठ विरघळली, बायॉप्सीत काहीच नाही. पहिल्या एमआरआयमध्ये माझ्याकडून काय सुटलं?

रेसिडेंट_वर्ष२
रेडिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक केस डोक्यातून जात नाही. ६३ वर्षांच्या बाई, तीन आठवडे विसराळूपणा, बोलणं मंदावलेलं. एमआरआयमध्ये मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या मागच्या टोकाला, स्प्लेनियममध्ये, दोन्हीकडे पसरलेली गाठ. कॉन्ट्रास्टनंतर छान उजळली, भोवती सूज. मधली रेषा ओलांडलेली पाहिली आणि मी ‘ग्लायोब्लास्टोमा’ (मेंदूचा आक्रमक कर्करोग) लिहून मोकळा झालो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं. चौथ्या दिवशी बाई नातवंडांना नावानं हाका मारायला लागल्या. दहाव्या दिवशी, बायॉप्सीआधीच्या स्कॅनमध्ये, गाठ जेमतेम उरलेली. बायॉप्सीच्या सुईतून मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) आणि थोड्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आल्या, निदान नाही. आता सगळे लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, म्हणताहेत. मला तो आधी कसा दिसला असता?

फिल्म_वाचणारी
स्प्लेनियममधली गाठ पाहिली की सगळ्यांच्या तोंडी आधी ग्लायोब्लास्टोमाच येतो. पण ती उजळली कशी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ग्लायोब्लास्टोमाचं पोट बहुधा सडलेलं असतं, कड जाड, वेडीवाकडी. ज्यांची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्यांच्यातला लिम्फोमा सहसा आतून बाहेरून एकसारखा उजळतो, आणि व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) भिंतीला किंवा मेंदूच्या पृष्ठभागाला टेकलेला असतो.

आता पहिला स्कॅन पुन्हा उघडा. टी२ (एमआरआयचा एक प्रकार) आणि एडीसी (डिफ्युजन स्कॅनमधून काढलेला, पाणी किती मोकळं हलतं याचा नकाशा) शेजारी लावा. या गाठीत पेशी इतक्या दाटीवाटीने बसलेल्या असतात की पाण्याला हलायला जागा नसते. म्हणून टी२वर ती करड्या भागाइतकीच किंवा त्याहून गडद दिसते, डिफ्युजनवर पांढरी, एडीसीवर काळी. भोवतीची सूज मात्र एडीसीवर उजळ असते, त्या उजेडात ती काळी गाठ उठून दिसते. साध्या सीटीवरही ती किंचित पांढरी असते. परफ्युजन (रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन) केलं असेल तर तेही बघा: एवढी उजळणारी गाठ, पण रक्ताचं प्रमाण ग्लायोब्लास्टोमाइतकं चढलेलं नसतं. एकट्या एडीसीवर विसंबू नका, ग्लायोब्लास्टोमाचे दाट पेशींचे भागही काळे दिसतात.

आणखी एक. एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णात हे चित्र बदलतं. तिथे लिम्फोमाही मधून सडतो, रिंगसारखा उजळतो, आणि टॉक्सोप्लाज्मा या परजीवीच्या संसर्गापासून वेगळा काढणं खरोखर कठीण जातं.

सुईवाला_सर्जन
मला रिपोर्टमध्ये ‘लिम्फोमाची शक्यता’ एवढे दोन शब्द हवे असतात, आणि तेही स्टेरॉइडचा पहिला डोस जाण्याआधी. ग्लायोब्लास्टोमा असेल तर मी जमेल तेवढी गाठ काढायचा विचार करतो. लिम्फोमात स्टिरिओटॅक्टिक सुई (स्कॅनवरून नेम धरून घेतलेली बायॉप्सी) पुरते, पुढचं काम हाय-डोस मेथोट्रेक्सेट या केमोथेरपीचं. मेंदू दाबला जाऊन जीव धोक्यात असेल तर स्टेरॉइड द्यावंच लागतं, त्यात वाद नाही. पण रुग्ण स्थिर असेल तर आधी सुई. रिपोर्ट टाइप करत बसू नका, थेट फोन करा. मी रात्री अकरालाही उचलतो.

स्लाइडखाली
पॅथॉलॉजीकडून: स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात आणि मागे सफाई करणारे मॅक्रोफेज उरतात. तुमच्या रिपोर्टमध्ये तेच आलंय. मात्र स्टेरॉइडने गाठ विरघळली म्हणून ती लिम्फोमाच, असं नाही. डिमायलिनेशन (मज्जातंतूंचं आवरण झिजणं) आणि सारकॉइडही (दाहाच्या गाठी करणारा आजार) असेच ओसरतात. स्टेरॉइड हळूहळू थांबवून ठरावीक अंतराने एमआरआय करा, गाठ पुन्हा उगवली की लगेच सुई. दरम्यान डोळ्यांची स्लिट-लॅम्प तपासणी करून घ्या, काही रुग्णांत व्हिट्रियसमध्ये (डोळ्यातल्या जेलीत) लिम्फोमाच्या पेशी सापडतात. मणक्यातलं पाणी सुरक्षितपणे काढता येत असेल तर त्यातल्या पेशी तपासायला सायटॉलॉजी आणि फ्लो सायटोमेट्रीला पाठवा.

रेसिडेंट_वर्ष२
आत्ताच स्कॅन पाहून आलो. गाठ पूर्ण भरीव, व्हेंट्रिकलला चिकटलेली. एडीसीवर कोळशासारखी काळी. पहिल्या दिवशीच्या सीटीवर तोच भाग पांढरट होता आणि कुणीतरी ‘रक्तस्राव?’ असं लिहिलं होतं. एसडब्ल्यूआयवर (रक्त टिपणाऱ्या एमआरआयवर) रक्ताचा ठिपकाही नाही. तो प्रश्न मी वाचला होता, रक्त नाही म्हणून खोडला, आणि मग पांढरट कशामुळे हे विचारलंच नाही. बाईंच्या मुलीशी युनिटचे सर आज बोलले, मीही सोबत होतो. स्लिट-लॅम्प उद्या सकाळी आहे. काय निघतं ते इथे लिहीन.