मदत हवी आहे: काउबॉय खापरपणजोबांची माहिती मिळाली, खापरपणजीचं नाव कसं शोधू?

नमस्कार मंडळी,

लग्न करून टेक्सासला आले त्याला अठरा वर्षं झाली. माझ्या नवऱ्याचे पणजोबा, म्हणजे लेकीचे खापरपणजोबा, काउबॉय होते. सिनेमातले पिस्तूलवाले नव्हेत, महिना तीसेक डॉलरवर दुसऱ्याची गुरं हाकणारे. १८८० च्या आगेमागे त्यांनी वेस्टर्न ट्रेलने कॅन्ससमधल्या डॉज सिटीपर्यंत तीन खेपा केल्या. दोन-अडीच हजार लांबशिंगी गुरं, दहा-बारा माणसं, पुढे स्वयंपाकाची गाडी आणि वाटेत रेड नदी. एका खेपेला अडीच-तीन महिने लागत. काटेरी तारांच्या कुंपणांनी वाटा अडत चालल्या होत्याच, त्यात गोचिडांमुळे पसरणाऱ्या तापाच्या भीतीने कॅन्ससने १८८५ मध्ये टेक्सासच्या गुरांना बंदी केली. मग ते सॅन अँटोनिओच्या दक्षिणेला थोडी जमीन घेऊन स्थिरावले.

हे सगळं आमच्या आत्तेसासूबाईंनी सांगितलं. त्या आता ८९ वर्षांच्या आहेत. त्या लहान असताना त्यांचे आजोबा, म्हणजे हेच काउबॉय, रात्री ओट्यावर बसून एकच सूर गुणगुणायचे, शब्द नसलेला. का, ते मला फार उशिरा कळलं. रात्री गुरं बिथरून उधळू नयेत म्हणून दोन घोडेस्वार कळपाभोवती उलटसुलट दिशांनी फिरत गात राहायचे. आत्तेसासूबाईंनी तो सूर मला गुणगुणून दाखवला, तो मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवला आहे.

खापरपणजोबांचं गुरांना मालकीच्या खुणेचा डाग द्यायचं लोखंडही घरात आहे. हातभर दांडा, टोकाला आडवं पडलेलं 'जे'. अक्षर आडवं असलं की इथे त्याला 'लेझी' म्हणतात, म्हणून आमचं 'लेझी जे'. एक कड झिजून पातळ झाली आहे आणि हातात धरलं की तळव्याला तांबूस गंज लागतो. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, क्लार्कच्या जुन्या वहीत ही खूण त्यांच्या नावासकट सापडली. डाव्या पुठ्ठ्यावर डाग आणि कानाला खाच, इतकं नेमकं लिहिलं आहे.

म्हणजे गुरांच्या पुठ्ठ्यावरची खूण नोंदलेली आहे, पण ज्या बाईने सात मुलं वाढवली तिचं नाव कुणालाच माहीत नाही. थडग्यावर फक्त 'अमक्याची पत्नी' एवढंच. आत्तेसासूबाईंना आजीबद्दल दोनच गोष्टी आठवतात: ती गव्हाच्या पिठाचे टॉर्टिया हातावर थापायची आणि प्रार्थना स्पॅनिशमध्ये म्हणायची. ती तेहानो, म्हणजे टेक्सासमधल्या मूळ मेक्सिकन वंशाच्या, घरातली असावी असा माझा अंदाज आहे. घरात यावर कधी कुणी बोललंच नाही. काउबॉयांचं घोड्यावरचं बरंचसं कसब मुळात वाकेरोंकडून, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वार गुराख्यांकडून आलेलं, तरी सुनेचं माहेर मात्र पुसलं गेलं. माझ्या आजीचं लग्नात नाव बदललं होतं आणि तिचं पहिलं नाव मला ती गेल्यावर कळलं, म्हणून हे जास्तच लागतं.

१९०० च्या जनगणनेत पाहिलं, पण तिच्यापुढे कुठलंसं इंग्रजी धाटणीचं, खाडाखोड केलेलं नाव आहे, वाचताच येत नाही. १८९० ची जनगणना तर वॉशिंग्टनच्या आगीनंतर जवळपास सगळीच नष्ट झाली. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वह्यांसारखं इथे काही असतं का? कुणी अमेरिकन सासरची अशी वंशावळ शोधली असेल तर मार्ग सांगा. आत्तेसासूबाई आहेत तोवर त्यांच्या कानावर ते नाव घालायचं आहे.

प्रतिसाद:
ताई, तुमच्या उपाध्यायांच्या वह्या म्हणजे इथली कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं. मुलाच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, पुष्कळदा दोन्हीकडचे आजी-आजोबाही असतात. पण त्याआधी एक सोपं काम करा. खापरपणजीच्या सातही मुलांचे मृत्यूचे दाखले काढा. टेक्सासमध्ये १९०३ पासून राज्यभर नोंदी आहेत आणि त्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं. सातही काढा, कारण माहिती देणारा जावई असला की तो 'माहीत नाही' लिहून मोकळा होतो. मुलगी असली की नाव सापडतं. लग्नाची नोंद नवऱ्याच्या काउंटीत नसेल तर शेजारच्या काउंट्या बघा, लग्न बहुधा मुलीच्या गावी लागायचं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! धाकट्या मुलीचा दाखला रात्रीच ऑनलाइन सापडला. माहिती देणारी तिची लेक. आईच्या रकान्यात 'रेफुहिया' लिहिलं आहे, पुढचं आडनाव शाईत फुटलं आहे, पहिलं अक्षर 'जी' वाटतं. सकाळी आत्तेसासूबाईंना फोन केला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "कूका. आजोबा तिला कूका म्हणायचे. मला वाटायचं लाडाने म्हणतात." रेफुहियाचं घरगुती रूप कूकाच असतं म्हणे. आता त्या भागातल्या चर्चची रजिस्टरं कुठे बघायला मिळतात आणि जुनं स्पॅनिश हस्ताक्षर वाचणारं इथे कुणी आहे का?