मदत हवी आहे: अणू वाढवले की माझा टाइम क्रिस्टल लवकर का मरतो?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी 2018 चं बाउंडरी टाइम क्रिस्टलचं (टाइम क्रिस्टल म्हणजे स्वतःच्याच तालावर झोके घेत राहणारी अवस्था) मॉडेल क्युटिपमध्ये (क्वांटम गणितांची पायथन लायब्ररी) चालवतोय. दोन पातळ्यांचे एन अणू. लेसर सगळ्यांना सारखाच ढकलतो (जोर ओमेगा) आणि सगळे मिळून एकदमच प्रकाश बाहेर सोडतात (दर कप्पा). ओमेगा कप्पापेक्षा मोठा असला की लेसर एकसुरी असूनही अणू आपणहून झोके घेऊ लागतात. मी 2 आणि 1 घेतलेत, सुरुवातीला सगळे अणू वरच्या पातळीत.

एन वाढेल तसे झोके जास्त टिकायला हवेत ना? माझं उलटंच. एन=2 ला थोडी हालचाल, एन=20 ला आलेख धाडकन खाली येऊन बसतो, एन=60 ला लॅपटॉपचा पंखा तेवढा हलतो. गाईड म्हणाले, टाइम स्टेप कमी कर. केली, फरक शून्य. परवा प्रेझेंटेशन आहे!

शिवाय स्टेडी स्टेट (खूप वेळाने शेवटी उरणारी अवस्था) काढली तर एकच, न हलणारी अवस्था मिळते. मग क्रिस्टल आहे कुठे?

प्रतिसाद 1: क्षयाचा (अणू प्रकाश सोडून खाली येण्याचा) ऑपरेटर कसा लिहिलाय?

धागाकर्ता: कप्पाचं वर्गमूळ गुणिले एस-मायनस (सगळ्या अणूंना मिळून एक पायरी खाली आणणारा ऑपरेटर).

प्रतिसाद 1: तिथेच पाणी मुरतंय. कप्पाला एन/2 ने भागायचं राहिलं. एकत्रित उत्सर्जन अणूंच्या संख्येसोबत जोर धरतं, त्यामुळे एन=20 ला तुझा कप्पा प्रत्यक्षात 10 झालाय आणि ओमेगा 2 च. झोके येणार कुठून?

स्टेडी स्टेटचं म्हणशील तर एन मर्यादित असताना ती स्थिरच असणार. लिउव्हिलियनच्या (अवस्था काळानुसार कशी बदलते ते ठरवणारा ऑपरेटर) आयगेनव्हॅल्यू काढ. एन वाढवत गेलास की त्यांचा वास्तव भाग (झोके विझण्याचा दर) शून्याकडे सरकतो, काल्पनिक भाग (झोक्यांची वारंवारता) मात्र तसाच राहतो. म्हणजे झोके मरायला लागणारा वेळ लांबत जातो. आधी एन अनंताकडे न्यायचा, मग काळ. हा क्रम उलटा केलास की क्रिस्टल गायब.

प्रतिसाद 2: +1. अनेक खेपांच्या सरासरीच्या आलेखावर फार विसंबू नका. हॅम्बुर्गच्या गटाने 2022 मध्ये रुबिडियमचे थंड अणू प्रकाशपोकळीत (समोरासमोरच्या आरशांमधल्या जागेत) ठेवून सतत चालणारा टाइम क्रिस्टल दाखवला, तिथे दर खेपेला झोक्याची फेज (एखाद्या क्षणी झोका चक्रात कुठे आहे ते) वेगळी, काहीही पडायची. अशा खेपांची सरासरी घेतली की झोके पुसले जातात.

धागाकर्ता: भागाकार घातला, झोके आले! दोन शिखरांत साधारण 3.6 चं अंतर, मीन-फील्डच्या (एन खूप मोठा धरून फक्त सरासरीवर चालणारं सोपं गणित) 2π/√3 शी जुळतंय. जीव भांड्यात पडला. पण आता सुरुवातीची अवस्था बदलली की मीन-फील्डमध्ये झोक्याची उंचीही बदलते. हे क्रिस्टलला शोभतं का?