फलकावरील 'हुतात्मा' शब्दाबाबत: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-४०२: सचिवसाहेब, नमस्कार. लिफ्टजवळ लावलेला २६ जानेवारीचा फलक सकाळी वाचला आणि मनाला फार लागले. त्यावर 'हुतात्मा रामा राघोबा राणे' असे छापले आहे. राणेसाहेब हुतात्मा झाले नाहीत. ते मेजर म्हणून १९६८ साली निवृत्त झाले आणि १९९४ साली इथे पुण्यातच वारले. मी स्वतः त्यांच्याच बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचा आहे; हा फलक मला रोज बघवणार नाही.

क-१०३ (सचिव): सुभेदारकाका, चूक झाली, क्षमा असावी. मात्र हा मजकूर चार दिवसांपूर्वी याच ग्रुपवर टाकला होता आणि तेव्हा एकाही सभासदाने उत्तर दिले नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

अ-२०१ (खजिनदार): नवा फलक छापायचा असल्यास खर्च कोणत्या खात्यातून करायचा, हे आधी ठरवावे.

अ-५०४: देशासाठी जिवावर उदार झालेला माणूस आपल्याला हुतात्म्यासारखाच आहे. भावना चांगली आहे, मग एका शब्दावरून दोन दिवस आधी सगळे उकरून कशाला काढायचे?

ब-४०२: भावनेबद्दल तक्रार नाही. परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळाले, त्यांतील १४ जणांना मरणोत्तर. राणेसाहेब उरलेल्या सातांपैकी आहेत. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरच्या लढाईत नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते, पण वाटेत सुरुंग पेरलेले होते आणि पाइनची झाडे आडवी टाकलेली होती. पहिल्याच दिवशी तोफगोळे पडून त्यांचे दोन जवान गेले आणि त्यांच्यासह पाच जण जखमी झाले. तशा अवस्थेत, वरून गोळीबार चालू असताना, ते रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले आणि थांबण्या-चालण्याची खूण चालकाला दोरी ओढून देत राहिले. त्यानंतर हा माणूस ४६ वर्षे जगला, त्याने नोकरी पूर्ण केली, संसार केला. ती वर्षे आपण फलकावरून पुसून टाकली आहेत.

अ-२०१ (खजिनदार): खर्चाचे खाते कोणते, हा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

क-३०२: काकांचे म्हणणे मला पटते. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी नववीत होते; तोवर ते मला रजेपुरतेच माहीत होते. त्यांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नंबर घातलेली, अजून माझ्याकडे आहे. झाकणाच्या आत आम्हा तिघा भावंडांची उंची पेन्सिलने लिहिलेली आहे, प्रत्येक रजेची तारीख घालून. रजा संपून निघताना ते सुतळीने आम्हाला मोजत असत. राणेसाहेबांनाही तीन मुलगे आणि एक मुलगी. त्यांच्यापैकी कोणी हा फलक वाचला तर त्यांना काय वाटेल?

अ-५०४: ताई, हे मला माहीत नव्हते. माझा आक्षेप मागे घेतो.

अ-१०२: आम्ही मूळचे कारवारचे. तिथे किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेल्या 'चपल' युद्धनौकेजवळ राणेसाहेबांचा पुतळा आहे. नव्या फलकावर त्यांच्या चेंडिया गावाचे नाव घालावे, ही विनंती.

क-१०३ (सचिव): जागा फार कमी आहे.

अ-१०२: गणपतीच्या फलकावर कार्यकारिणीतील नऊही जणांची नावे बसली होती.

क-१०३ (सचिव): तो विषय आज नको. चर्चा राणेसाहेबांची चालली आहे.

अ-२०१ (खजिनदार): तिसऱ्यांदा विचारतो, खर्च कोणत्या खात्यातून?

ब-४०२: माझ्या पेन्शनमधून घ्या.

अ-२०१ (खजिनदार): काका, तसे मुळीच होणार नाही. सांस्कृतिक खात्यातून देतो. सचिवांनी फक्त बिल पाठवावे.

क-१०३ (सचिव): मजकूर असा छापायला देत आहे: 'मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र, बॉम्बे सॅपर्स. जन्म १९१८. निवृत्ती १९६८. निधन १९९४, पुणे.' संध्याकाळी सहापर्यंत सर्वांनी कृपया वाचावा.

ब-४०२: वाचला. बरोबर आहे. उद्या फलक लावताना मला हाक मारा, शिडी धरायला येतो.

अ-१०२: चेंडिया राहिले.