सांगलीच्या उन्हाळ्यात पीसीला लिक्विड कूलर: गरज का नुसती हौस?

कृष्णाकाठ:
मे आला की ओळखीतल्या सगळ्यांचा एकच विषय, सीपीयू तापतोय, लिक्विड टाकू का. माझं मत स्पष्ट आहे, घरच्या पीसीला लिक्विड म्हणजे पैसे पाण्यात (शब्दशः). कूलर हवेचा असो नाहीतर पाण्याचा, प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, उष्णता उचलून खोलीत टाकणं एवढंच त्याचं काम. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ३८ असेल तर मोजणी तिथूनच सुरू. एएमडीच्या रायझन ५६०० सारख्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला दोन-अडीच हजाराचा टॉवर कूलर (धातूच्या उभ्या पात्या आणि पंखा, पाणी नाही) बास झाला, उरलेले पैसे एसएसडीत घाला.

लग्नव्हिडिओ_मिरज:
बोलायला सोपंय दादा. माझा प्रोसेसर इंटेलचा आय७ १३७००के आहे, फुल लोडला २५३ वॅटपर्यंत जातो. आमचा सीझनच एप्रिल-मे, रात्रभर व्हिडिओंचं एक्सपोर्ट चालू, टॉवरवर तो सरळ १०० डिग्रीला टेकायचा आणि स्पीड पाडायचा. लिक्विडवाला ३६० एमएमचा रेडिएटर (पाणी गार करणारी पंख्यांची जाळी) बसवल्यावर थांबलं ते. घरचा पीसी म्हणजे नुसते गेम आणि टॅली नसतं ओ.

कृष्णाकाठ:
पण २५३ वॅट त्याला प्यायला द्या म्हणून सांगितलंय कुणी? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट १२५ वॅट करा, एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, दुप्पट नाही लागणार. वरचे वॅट लावून स्पीड वाढतो थोडा आणि उष्णता वाढते लै. आणि ते अडीचशे वॅट रेडिएटरमधून शेवटी तुमच्याच खोलीत येतायत, तुम्ही बसलाय तिथं.

राजवाडा_सातारा:
तुम्ही सगळे आकडा बघून घाबरता राव. रायझन ७००० आला तेव्हाच एएमडीनं सांगितलंय की लोडला ९५ डिग्री हे डिझाइनमध्येच धरलंय. इंटेलचे हे चिप १०० पर्यंत जातात, मग स्वतःच स्पीड कमी करतात. जळत नाहीत. स्क्रीनच्या कोपऱ्यात टेंपरेचर लावून दिवसभर बघत बसायचं बंद करा, निम्मा ताप तिथंच उतरेल.

हळदगल्ली:
साताऱ्यात बसून बोलायला काय जातंय, तुमच्याकडं संध्याकाळी वारं तरी सुटतं. इथं रात्री अकराला पण पंखा गरम हवाच फेकतो. मी साइड पॅनल काढून टेबल फॅन लावतो, लै वर्षं झाली, काय होत नाही. कूलर घेऊच नका, ना हा ना तो.

विश्रामबाग_रिपेअर:
काय होत नाही? तुमच्याच भागातनं आलेल्या एका मशीनचा पंखा सोडवला तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर पिवळट धुळीचा जाड थर, नखानं सोलून काढला तर अख्खी पट्टी निघाली. वरनं बघितलं तर पंखा मस्त फिरतोय, हवा आत जातच नव्हती. पॅनल उघडं ठेवलं की टेंपरेचर आज उतरतं पण सहा महिन्यांत धूळ ते परत घेते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरा, मोकाट फिरू देऊ नका. आणि जुन्या एएम४ सॉकेटवाल्या रायझनचा कूलर गार मशीनवर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट सुकलेली असली तर प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधनं बाहेर येतो. आधी मशीन थोडं चालवून गरम करा, बंद करा, मग हलकं डावी-उजवीकडं फिरवून सोडवा.

दहावीतल्याची_आई:
मला यातलं फारसं कळत नाही, पण मुलाचा पीसी दुपारी आपोआप बंद पडतोय. इंटेलचा आय५ १२४०० आहे, बॉक्समध्ये आलेलाच पंखा. दुकानात सांगितलं लिक्विड घ्या, सात हजार. घरातला पाण्याचा कूलर समोर लावला तर चालेल का?

विश्रामबाग_रिपेअर:
ताई, सात हजार राहू द्या अजून. पाण्याचा कूलर खोलीत लावा, उन्हाळ्यात हवा कोरडी असते तोवर उपयोग होतो, पण झोत पीसीवर नको, बोअरच्या पाण्याचे शिंतोडे उडाले की आत क्षार बसतात. इंटेलच्या त्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार काळ्या पिना असतात. पीसी बंद करून, वायर काढून, एकेक हलवून बघा. एखादी नीट बसलेली नसली तर कूलर तिरका राहतो आणि प्रोसेसरला टेकतच नाही. सैल निघाली तर पेस्ट नवीन लावा, वाटाण्याएवढी, जास्त नको, मग समोरासमोरच्या पिना टकदिशी आवाज येईपर्यंत दाबा.

लग्नव्हिडिओ_मिरज:
हे बरोबर आहे, १२४०० ला लिक्विड विकणारा दुकानदार म्हणजे कमालच झाली. पण म्हणून सगळ्यांनाच नको, हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ:
लिक्विडचं पाणी फिरवणारा पंप बंद पडला तर काय कराल ते सांगा. टॉवरचा पंखा गेला तर बाजारात कुठलाही १२० एमएमचा मिळतो, बसवला की झालं. पंप गेला की अख्खं युनिट बदला, तेही ऐन सीझनमध्ये.

लग्नव्हिडिओ_मिरज:
म्हणून तर जुना टॉवर माळ्यावर जपून ठेवलाय.

राजवाडा_सातारा:
१३७००के वाल्यांनी टेंपरेचरपेक्षा दुसरंच बघायला पाहिजे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या जनरेशनमध्ये जो बिघाड निघाला त्याचं मूळ व्होल्टेजमध्ये होतं, चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (चिपच्या आतल्या कोडची दुरुस्ती) आला, बायोस अपडेटमधनं मिळतो, आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. एकदा बिघडलेला चिप अपडेटनं दुरुस्त होत नाही. रेडिएटर केवढाही लावा, तो व्होल्टेज कमी करत नाही. केलंय का अपडेट?

लग्नव्हिडिओ_मिरज:
नाही अजून. ऑर्डरी संपू देत, मग बायोसला हात लावतो.

दहावीतल्याची_आई:
मागची एक पिन लोंबतच होती! भाच्यानं पेस्ट आणून बसवली, काल दुपारभर चालला. मुलगा म्हणतो लिक्विडमध्ये रंगीत लाइट असतात, तरी घेऊया.

हळदगल्ली:
त्याला म्हणावं निकाल लागू दे आधी.

राजवाडा_सातारा:
मिरजकर, ऑर्डरी संपायची वाट बघू नका, एक्सपोर्ट नसेल त्या दिवशी सकाळी उरका. वीस मिनिटांचं काम आहे, फक्त यूपीएसवर करा, अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड जाईल.