'नोंद घेतली' की 'नोंद केली'? नव्या जोखमीची मराठी

चादरगल्ली (चर्चाप्रस्ताव):
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे संगणक मी सांभाळतो. माल परदेशी जातो, त्यामुळे हल्ली गिऱ्हाईक संगणक-सुरक्षेचे कागद मागतं. इंग्रजी कागद तयार आहेत. पण ते पाळायचे आहेत डिझाईन, गोदाम आणि हिशेब विभागांनी. तिथली निम्मी माणसं घरी तेलुगू आणि कामावर मराठी बोलणारी, म्हणून कार्यपद्धती मराठीत लिहायला घेतली. एका वाक्यावर गाडी अडली आहे:

'नवीन धोका ओळखल्यास त्याला प्रतिसाद देण्यापूर्वी त्याची नोंद घेऊन मूल्यांकन करावे.'

डिझाईनचे अण्णा वाचून म्हणाले, "धोक्याला प्रतिसाद कशाला द्यायचा? तो काय गाणं म्हणतोय का?"

समोरचं उदाहरण असं. डिझाईनच्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे. त्याच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० लाच थांबल्या. त्यावरच्या फायली पेनड्राइव्हने जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर जातात. ही गोष्ट आत्ता लक्षात आली. आता पुढच्या एकेका पायरीला मराठीत काय म्हणायचं?

दक्षिण कसबा:
आधी 'धोका' हा शब्द काढा. तुमच्या उदाहरणात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ७ ही उणीव. पेनड्राइव्हवरून येऊ शकणारा खंडणीखोर व्हायरस हा धोका. दोन्ही जुळून आल्या तर डिझाईनच्या फायली कुलूपबंद होतील आणि ऑर्डर अडकेल, ही झाली जोखीम. जोखमींच्या नोंदवहीत तिसरी लिहायची असते. लोक पहिलीच लिहून मोकळे होतात.

शिवाय 'धोका दिला' म्हटलं की दगा आठवतो. आयएसओ ३१००० या जोखीम हाताळण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत जोखमीची व्याख्या 'उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम' अशा अर्थाची आहे, म्हणजे त्यात बरं-वाईट दोन्ही आलं. 'जोखीम उचलली म्हणून चार पैसे मिळाले' असं आपण सहज बोलतो, 'धोका उचलला' म्हणत नाही. आमच्याकडे आजी गड्ड्याच्या यात्रेला निघालेल्या सुनांना सांगायची, "अंगावर जोखीम घालून जाऊ नका गं." तिथे जोखीम म्हणजे दागिने! ज्याच्या जाण्याने जीव हळहळेल ते. माझ्या मते फायलींना हा अर्थ चपखल बसतो.

निवृत्त हिशेबनीस:
मला 'नोंद घेणे' खटकलं. सहकारी संस्थेत हयात गेली माझी. सभेच्या इतिवृत्तात 'सभेने नोंद घेतली' असं आलं की समजायचं, विषय गारठला. 'नोंद करणे' म्हणजे वहीत ओळ पडणे, तारखेसह, कुणाच्या तरी हस्ताक्षरात. 'दखल घेणे' त्याच्याही पुढचं. तुम्हाला मधलं हवंय, तेव्हा सरळ 'नोंद करावी' लिहा.

आणि ती ओळ नीट हवी. 'सर्व्हरची खोली तापते' ही तक्रार झाली. 'मे महिन्यात पारा चाळिशीवर असताना एसी बंद पडला, तर सर्व्हर तापून बंद होईल आणि त्या दिवशीची बिलं व पाठवणी अडेल' ही जोखीम. कारण, घटना, परिणाम असं एका दमात आलं पाहिजे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये ८२८६ क्रमांकाचा अहवाल काढला, त्यात जोखीम-नोंदवहीचा नमुना आहे. वर्णन, प्रकार, शक्यता, परिणाम, काय करायचं ठरलं, त्याचा खर्च, जबाबदारी कोणाची, सद्यस्थिती असे रकाने. ओळखल्या दिवशी त्यातले बरेच रकाने रिकामे राहतात, राहू द्यावेत. सगळं कळेपर्यंत ओळच लिहायची नाही, हे मात्र चालणार नाही.

बाळे नाका:
पण सर, व्हायरस फायली खातोय आणि आपण रकाने भरत बसायचं का? आधी केबल ओढायची ना?

दक्षिण कसबा:
ओढायचीच. पण ती घटना झाली, जोखीम नव्हे. जोखीम म्हणजे अजून न घडलेलं. घडलेल्या घटनेचा कायदा वेगळा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. कार्यपद्धतीत हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका, नाहीतर माणसं आगीच्या वेळी वही शोधतील आणि एरवी वहीकडे बघणार नाहीत.

पार्क चौक:
आता 'मूल्यांकन'. हा शब्द आला की मला घरकर्जासाठी घराची किंमत काढणारा माणूस दिसतो, आणि 'मूल्यमापन' म्हटलं की शाळेचं प्रगतिपुस्तक. आपल्याकडे 'जोखणे' हे सुंदर क्रियापद पडून आहे. जोखीम जोखावी! (दोन्ही शब्द कानाला सख्खे वाटतात म्हणून लगेच एका आईचे ठरवू नका.)

जोखणे म्हणजे आपल्या तराजूत तोलणे, दुसऱ्याने सांगितलेलं वजन उतरवून घेणे नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, अनेक प्रणालींत नोंदी ठेवायला वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर घटकातली लॉगफोरशेल ही उणीव बाहेर आली. तिची तीव्रता १० पैकी १०. पण हा आकडा उणिवेचा. तो घटक तुमच्या एकाही प्रणालीत नसेल, तर तुमच्यापुरती ती जोखीम नाही. असेल, आणि ती प्रणाली इंटरनेटला उघडी असेल, तर हातातलं काम टाकून पळा. उलट, जोखण्याच्या नावाखाली रेंगाळणंही महागात पडतं. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. त्याने वापरलेल्या उणिवेची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती.

निवृत्त हिशेबनीस:
अण्णांचं 'प्रतिसाद'बद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं. 'उपाययोजना'ही अपुरी पडते. जोखमीच्या बाबतीत चार वाटा असतात: टाळणे, कमी करणे, विमा वगैरे काढून दुसऱ्यावर सोपवणे आणि पत्करणे. पत्करण्याला कोणी उपाययोजना म्हणेल का? मी 'तजवीज' सुचवतो, त्यात चारही मावतात. विम्याने पैसे परत येतील, गिऱ्हाईक येईलच असं नाही, हे कंसात लिहून ठेवा.

'पत्करणे' हा फार प्रामाणिक शब्द आहे. न जोखता पत्करता येत नाही. तसं केलं तर त्याला 'वाऱ्यावर सोडणे' म्हणतात.

चादरगल्ली:
मंडळी, आभार. वाक्य आता असं केलंय: 'नवीन जोखीम लक्षात आली की त्याच दिवशी वहीत नोंद करावी, शक्यता व परिणाम जोखावेत आणि मगच तजवीज ठरवावी.' अण्णांना चाललं. विंडोज ७ ची ओळ पडली. शक्यता मध्यम, कारण संगणक नेटला जोडलेला नाही. परिणाम मोठा, कारण फायलींची दुसरी प्रत नाही. म्हणजे नवा संगणक घेण्याआधी प्रत काढणं स्वस्त आणि तातडीचं, हे लिहिताना आपसूक दिसलं.

एक नवी अडचण. 'जोखमीचा मालक' असा रकाना केला, तर प्रत्येकाने तिथे शेठजींचं नाव घातलं. कारखान्यात मालक एकच असतो!

पार्क चौक:
'वाली' लिहा. 'याला वाली कोण?' असं विचारलं की शेठजींचं नाव कोणी घेणार नाही.

बाळे नाका:
मग कुणाचंच घेणार नाहीत की. 'कोण बघणार' एवढंच लिहा, आणि नावापुढे सही घ्या.